राक्षस भीतीदायक हवा की गोंडस? त्याआधी तो दिवसभर करतो काय, ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी एका एकट्या राक्षसाची गोष्ट लिहिली आहे. राक्षस डोंगरातल्या गुहेत राहतो, गावातले सगळे त्याला घाबरतात, तो रोज रडतो. एक म्हातारं घुबड त्याला 'मनाने चांगला राहा' असा सल्ला देतं. शेवटी एक मुलगी त्याला फूल देते आणि सगळा गाव त्याचा मित्र होतो. मजकूर चौदाशे शब्दांचा आहे. मोठ्यांना ती ऐकून गहिवरून येतं, मुलं मात्र निम्म्यावर चुळबुळ करायला लागतात. म्हणून तुम्ही विचारता आहात की राक्षस जास्त भीतीदायक करू की जास्त गोंडस.

मी वीसेक वर्षं चित्रपुस्तकं लिहिते आहे आणि त्याहून जास्त दुसऱ्यांची संपादित केली आहेत. एकट्या राक्षसाची गोष्ट माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते, आणि आली की मला बरं वाटतं, कारण हा विषय मुलांच्या अगदी जवळचा आहे. पण तुमची अडचण राक्षसाच्या रूपात आहे असं मला वाटत नाही. तुमचा राक्षस पहिल्या पानापासून विसाव्या पानापर्यंत काहीच करत नाही. तो एकटा आहे, दुःखी आहे, चांगल्या मनाचा आहे. हे सगळं त्याचं 'असणं' झालं. लहान मूल गोष्टीत 'करण्या'च्या मागे जातं. कोणी काहीतरी मिळवायला धडपडतंय, फसतंय, पुन्हा धडपडतंय, एवढं दिसलं की ते पान सोडत नाही.

मोठ्यांना गहिवरून येतं आणि मुलांना येत नाही, याचंही कारण यातच आहे. मोठा माणूस राक्षसाकडे वरून बघतो, बिचारा म्हणतो. मूल वरून बघत नाही, ते राक्षसाच्या आत शिरून बसतं. दिवसभर त्याला काय ऐकू येतं ते आठवून बघा. आवाज कमी कर. हात लावू नकोस, फुटेल. किती पसारा केलास. ढकलू नकोस. आपला आवाज फार मोठा आहे, आपले हात फार जोरात लागतात, आपला राग खोलीत मावत नाही, हे चार वर्षांच्या मुलाला रोज कळत असतं. राक्षस म्हणजे तेच. त्याला 'बिचारा' म्हणणारी गोष्ट मुलाला स्वतःची वाटत नाही. त्याच्यासोबत काहीतरी करायला घेणारी गोष्ट वाटते.

तर एकटेपणा सांगायचा कसा? तुमची सुरुवात आहे, 'राक्षस खूप खूप एकटा होता. त्याला एकही मित्र नव्हता.' हीच गोष्ट मी आत्ता, फक्त नमुना म्हणून, दुसऱ्या तऱ्हेने मांडून दाखवते.

पहिलं जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पानं. मजकूर: 'आज राक्षस लपला होता. अशा जागी, की कोणाला सापडणारच नाही.' चित्रात एका झाडाचं बारीक खोड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं भलंमोठं केसाळ पोट.

दुसरं जोडपान. मजकूर: 'दुपार झाली. तरी कोणाला सापडला नाही.' चित्रात तेच झाड, तेच पोट, फक्त सावली सरकलेली.

तिसरं जोडपान. मजकूर: 'संध्याकाळ झाली.' तेच झाड. पोटावर एक पाखरू झोपी गेलेलं.

पहिल्या पानावर मूल हसेल. दुसऱ्यावर बोट ठेवून ओरडेल, 'अरे, हा काय, दिसतोय की!' तिसऱ्यावर ते थोडं गप्प होईल, आणि मग कोणीतरी म्हणेल, 'त्याला कोणी शोधतच नाहीये.' 'एकटा' हा शब्द पुस्तकात कुठेच नाही, तो मुलाने स्वतः शोधला. स्वतः शोधलेली गोष्ट मूल सोडत नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल: राक्षसाला सगळ्यात आधी शोधणारं माणूस पुस्तकाबाहेर बसलं आहे. वाचणारं मूल त्याची पहिली मैत्री झालं, तेही तिसऱ्या पानाच्या आत.

मजकूर एक सांगतो आणि चित्र दुसरंच दाखवतं, ही फट चित्रपुस्तकाची खरी ताकद आहे. तुमच्या मसुद्यात 'राक्षस रडत होता' असं वाक्य आहे आणि चित्रातही तुम्ही रडणारा राक्षस कल्पिला आहे. मग मुलाला करायला काय उरलं?

आता मैत्री. तुमच्या गोष्टीत मुलगी अठराव्या पानावर येते, फूल देते आणि मैत्री होते. तिला स्वतःला काय हवं आहे ते आपल्याला कधीच कळत नाही. ती चांगली आहे म्हणून ती मैत्री करते. मला हे फार खटकतं. दया म्हणून मिळालेली मैत्री मुलं लगेच ओळखतात, कारण 'त्यालाही खेळायला घे' असं मोठ्यांनी सांगितल्यावर काय होतं ते त्यांनी भोगलेलं असतं. ज्याला असं घेतलं जातं त्यालाही ते कळतं.

लहान मुलांची मैत्री प्रत्यक्षात कशी होते ते एखाद्या बालवाडीच्या कोपऱ्यात तासभर बसून बघा. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने साधारण दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ साली त्याबद्दल जे लिहिलं, ते मला प्रत्येक संहितेला उपयोगी पडलं आहे. काही मुलं एकटी खेळतात. काही नुसती उभी राहून दुसऱ्यांचा खेळ बघतात. काही शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात, म्हणजे वाळू तीच, पण खड्डे वेगळे. मग वस्तूंची देवाणघेवाण सुरू होते, आणि शेवटी सगळे मिळून एकच खेळ. हा काही पायरीपायरीने चढायचा जिना नाही, मुलं यात पुढेमागे होत असतात. पण बघणं आणि शेजारी असणं या दोन गोष्टी आपण मोठी माणसं गोष्ट लिहिताना हमखास गाळतो, आणि एकदम 'माझा मित्र होशील का?' वर येतो. मुलं असं क्वचित विचारतात. ती म्हणतात, 'हे धर.'

माझ्या नमुन्यातली मुलगी घ्या. ती सगळ्यात लहान, म्हणून नेहमी तिच्यावरच राज्य. आणि ती आकडे मोजून डोळे उघडते तोवर बाकीची मुलं घरी निघून गेलेली असतात. तिला शोधायला कोणीतरी हवं आहे. त्याला शोधणारं कोणीतरी हवं आहे. आता यात दया कुठेच नाही, गरज दोघांचीही आहे, आणि दोघं एकमेकांसमोर येणार हे मुलाला त्यांच्याही आधी कळलेलं आहे. ती झाडाला हात लावते, झाड मऊ लागतं. पान उलटा. दात.

ती पळते. पळू द्या तिला! तुमची मुलगी क्षणभरही घाबरत नाही, त्यामुळे तिचं धैर्य दिसत नाही आणि राक्षसही राक्षस राहत नाही. पुढच्या पानावर ती लांबून, दगडाआडून बघते. त्याच्या पुढच्या पानावर ती झाडाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली, तो अलीकडे, दोघं गप्प. त्या पानाला मी शब्द देणार नाही. आणि मग ती म्हणते, 'सापडलास. आता राज्य तुझ्यावर.' सगळी मैत्री त्या दोन वाक्यांत झाली.

हा खेळ तुम्ही उचलावा म्हणून मी सांगत नाही. तुमच्या राक्षसाचा उद्योग तुम्हालाच शोधावा लागेल. तो काहीतरी बांधत असेल, गोळा करत असेल, दुसऱ्या टोकाला कोणी नाही म्हणून अडलेलं एखादं काम असेल. फक्त ते काम दोघांशिवाय होऊ नये, आणि एकट्याने करायचा प्रयत्न बघायला गंमत यावी.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. माझ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एकात राक्षस गावाला पुरातून वाचवतो आणि मग सगळे त्याला आपला मानतात. एका वर्गात ते वाचून दाखवल्यावर पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, 'पूर आलाच नसता तर?' मी काहीतरी उत्तर दिलं, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आपण मुलांना सांगत होतो की वेगळा असशील तर आधी उपयोगी पडून दाखव, मग तुला जवळ घेऊ. ज्या मुलाला वर्गात कोणी जवळ घेत नाही, त्याच्याकडे वाचवायला पूर नसतो. तेव्हापासून पराक्रम करून मैत्री कमावणारा शेवट मी स्वतः लिहीत नाही, आणि संपादन करताना लेखकाशी त्यावर भांडते. याचंच दुसरं रूप म्हणजे राक्षस शिंगं लपवतो, नखं कापतो, आवाज बारीक करतो आणि मग त्याला मित्र मिळतात. ते तर अजूनच वाईट. शेवटच्या पानावरही त्याचे दात तेवढेच मोठे असायला हवेत.

आता तुमचा मूळ प्रश्न: भीतीदायक की गोंडस. हे वयावर अवलंबून आहे आणि कोण वाचून दाखवतंय यावरही. दोन-तीन वर्षांच्या मुलांना राक्षसाचं नुसतं मोठं असणं पुरतं. तीन ते सहा या वयात अंधाराची, पलंगाखाली काहीतरी असण्याची भीती बहुतेक मुलांना कमी-जास्त असतेच, पण मांडीवर बसून, पान आपल्या हाताने उलटत असताना त्यांना घाबरायला आवडतं. सहा-सातच्या पुढे जरा खरीखुरी भीती हवी असते, नाहीतर 'हे बाळांचं पुस्तक आहे' म्हणून ती बाजूला सारतात. तुमचा वयोगट चार ते सात म्हणजे यांच्या मधोमध येतो. मी असते तर एकच गोष्ट खरी भीतीदायक ठेवली असती, आकार किंवा आवाज किंवा दात, आणि बाकी सगळं साधं.

गोंडसपणाचा धोका मात्र ओळखून ठेवा. मोठं डोकं, उंच कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल बघितले की आपल्याला जीव लावावासा वाटतो, हे ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं, आणि खेळण्यांपासून कार्टूनपर्यंत सगळीकडे ते वापरलं जातं. तुमचा राक्षस पहिल्याच चित्रात असा दिसला, तर गावकरी त्याला घाबरतात हे मुलाला पटणार नाही, गावकरीच मूर्ख वाटतील. मग गोष्टीत अडथळाच उरत नाही.

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये, १८१८ साली, हा पेच मोठ्यांसाठी फार खोलवर मांडलेला आहे. तिथला राक्षस एका कुटुंबाला भिंतीच्या फटीतून महिनोन् महिने बघतो, त्यांची भाषा शिकतो, लपूनछपून त्यांची कामं करतो, आणि अखेर घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याला एकटं गाठून बोलतो. म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो. घरातले डोळस लोक परततात आणि सगळं संपतं. कादंबरीत वाचकसुद्धा राक्षसाचा आवाज ऐकत असतो, त्याचं रूप समोर नसतं. चित्रपुस्तकात आपल्याला ती सोय नाही, कारण मुलाला राक्षस पहिल्या पानापासून दिसतो. म्हणूनच मुलीची त्याच्याशी पहिली ओळख डोळ्यांऐवजी दुसऱ्या कशाने तरी व्हावी, हाताला लागलेल्या मऊ केसांनी, श्वासाच्या आवाजाने, सावलीने. बघणारं मूल आणि न बघितलेली मुलगी यांच्यातल्या या अंतरात दोन-तीन पानं सहज रंगतात.

जाता जाता नावाबद्दल. 'राक्षस' म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे माणसं खाणारा, शेवटी मारला जाणारा उभा राहतो. 'बागुलबुवा' हा शब्द तर मुलांना गप्प करण्यासाठीच वापरला जातो. दोन्ही शब्द आपापलं ओझं घेऊन येतात, आणि ते मुद्दाम वापरायचं असेल तर उत्तमच आहे. नको असेल तर त्याला स्वतःचं एक नाव द्या, दोन-तीन अक्षरी, मोठ्याने हाक मारायला मजा येईल असं. पुस्तक मोठ्याने वाचलं जाणार आहे, ते नाव वाचणाऱ्याच्या तोंडी पन्नास वेळा येईल.

घुबड काढून टाका. ते वेश बदललेलं मोठं माणूस आहे, आणि मुलाला ते लगेच कळतं. ज्याची अडचण त्यानेच सोडवावी, चुकत चुकत का होईना.

आता चौदाशे शब्दांचं काय करायचं. चित्रपुस्तक बहुतेक वेळा बत्तीस पानांचं असतं, कारण छपाईत पानं आठ-सोळाच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांत येतात. त्यातली शीर्षकाची, प्रकाशनाच्या तपशिलाची पानं वजा जाता तुमच्या हातात बारा ते चौदा जोडपानं उरतात. चौदाशे शब्द म्हणजे एकेका जोडपानावर निदान शंभर. तेवढा वेळ मूल एकाच चित्राकडे बघत बसत नाही, चित्र बघून संपतं आणि वाचणारा अजून वाचतच असतो. तुम्हाला दिसलेली चुळबुळ बहुधा तिथेच सुरू होते. या वयाला चारशे ते सहाशे शब्द पुष्कळ झाले. अर्थात सात-आठ वर्षांच्या मुलांना स्वतः वाचायला द्यायची गोष्ट असेल तर जास्त शब्द चालतील, पण मग ते वेगळं पुस्तक आहे.

कापायचं कसं? आठ साधे कागद घ्या, मधोमध दुमडून एकात एक घाला, शिवा किंवा स्टेपल करा. बत्तीस पानं झाली. त्यात मजकूर कापून चिकटवा आणि मोठ्याने वाचत पानं उलटा. वाक्य कुठे संपतं यापेक्षा पान कुठे उलटतं ते बघा. उजव्या पानाच्या शेवटी प्रश्न उभा राहिला पाहिजे आणि उलटल्यावर त्याचं उत्तर दिसलं पाहिजे. वर 'झाड मऊ लागतं' हे उजव्या पानावर का, ते यावरून कळेल. हेच वाक्य आणि दात समोरासमोरच्या पानांवर छापले तर सगळी मजा जाते.

पानाच्या जागेचाही असाच विचार करा. अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ सालच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या चित्रपुस्तकात सुरुवातीची चित्रं लहान आहेत, चहूबाजूंनी पांढरी जागा सोडलेली. गोष्ट पुढे जाते तशी ती मोठी होत जातात, आणि राक्षसांच्या धिंगाण्याची तीन सलग जोडपानं चित्रांनीच भरलेली आहेत, एकही शब्द नाही. तुमच्या गोष्टीत हे उलट वापरता येईल. एकटेपणाच्या पानांवर राक्षस एवढा मोठा असावा की तो चौकटीत मावत नाही, पण भोवती सगळं रिकामं. मुलगी आली की रिकामी जागा भरायला लागते.

तुम्ही स्वतः चित्रं काढत नाही असं लिहिलं आहे. मग चित्रकाराला सूचना कमीत कमी द्या. मुलीचे केस, झग्याचा रंग, गुहेचा आकार यातलं काही सांगू नका, त्याचं काम त्याला करू द्या. सूचना फक्त तिथे द्या जिथे चित्राशिवाय मजकुराचा अर्थच लागत नाही. 'तरी कोणाला सापडला नाही' या वाक्यापुढे '(चित्रात पोट स्पष्ट दिसतं आहे)' एवढं लिहावंच लागेल, नाहीतर संपादकही गोंधळेल.

नवा मसुदा झाला की पुन्हा मुलांना वाचून दाखवा, पण 'आवडली का' असं विचारू नका. मोठ्यांना खूश करायला मुलं हो म्हणतात. शक्य असेल तर वाचायला दुसऱ्या कोणाला तरी द्या आणि तुम्ही बाजूला बसून मुलांकडे बघा. कोणत्या पानावर ती पुढे सरकतात, कुठे मधेच बोलतात, कुठे दाराकडे बघतात, ते पान क्रमांकासकट टिपून ठेवा. मधेच बोललेलं पान सगळ्यात महत्त्वाचं, तिथे गोष्ट त्यांची झालेली असते.

राहिला शेवट. सगळा गाव एका पानात मित्र होतो, हे मला पटत नाही आणि मुलांनाही पटणार नाही. एक मैत्रीण पुरे आहे. माझ्या नमुन्यात शेवटचं जोडपान असं असेल: राक्षस झाडाला तोंड लावून आकडे मोजतोय, आणि ती त्याच्याच पाठीमागे, त्याच्या शेपटीत लपलेली. शब्द नाहीत. आणि गावाला बोलवावंसं तुम्हाला फारच वाटत असेल, तर पुस्तनी वापरा, मुखपृष्ठाला आतून चिकटवलेला तो कागद. ती छापील करायची की कोरी ठेवायची हे प्रकाशकाच्या बजेटवर ठरेल, पण विचारून बघा. पुढच्या पुस्तनीवर एक झाड आणि एक पोट. मागच्या पुस्तनीवर बरीच झाडं, आणि जवळपास प्रत्येकाआडून बाहेर आलेलं कोणाचं तरी कोपर, पाऊल, वेणीचं टोक.